कावळ्याच्या चोचीतली कवळी

पत्र : मावशी, सप्रेम नमस्कार. लालबागला आमच्या मंडळाच्या खोलीत दर शनिवारी संध्याकाळी आम्ही लहान मुलांचं वाचनालय भरवतो. पंचवीस-तीस मुलं येतात. मध्यंतरी कुणीतरी एक विनोदी चित्रपुस्तक भेट दिलं. चाळीतल्या आजोबांची कवळी कावळा पळवतो, आजोबा आणि नात त्याच्यामागे धावतात, एवढीच गोष्ट. मुलांनी ते पुस्तक डोक्यावर घेतलं आहे, पण मंडळात त्यावरून वाद आहेत. एक निवृत्त चित्रकला शिक्षक म्हणतात, चित्रं बेढब आहेत, हाताला चारच बोटं आहेत, मुलांची नजर बिघडेल. एका काकांचं म्हणणं, यात म्हाताऱ्या माणसाची चेष्टा आहे आणि चोरट्या कावळ्याला शिक्षाही होत नाही. मला पुस्तक आवडतं, पण का आवडतं ते चारजणांत मांडता येत नाही. आणि खरं सांगायचं तर एक पान मलाही खटकतं. यंदा पुस्तकांसाठी ८,००० रुपये जमले आहेत. विनोदी पुस्तकातली चित्रं आणि पात्रं चांगली की वाईट, हे ठरवायचं कसं? पुस्तक सोबत पाठवते आहे.
— बालवाचनालयाची ताई, लालबाग

ताई, नमस्कार.

पुस्तक मंगळवारी पोचलं. आधी न वाचता नुसतं हातात घेऊन पाहिलं. चोवीस पानं, मधोमध दोन पिना. बाकी पानं ठीकठाक आहेत, पण पाचव्या पानाचा खालचा उजवा कोपरा कापसासारखा मऊ पडलाय आणि टोकाला फाटलाय. तुमच्या मुलांनी आपली समीक्षा तिथेच लिहून ठेवली आहे. एवढ्या वेळा मुलं ज्या पानाशी परत येतात, तिथे चित्रकाराने काहीतरी नेमकं केलेलं असतं. म्हणून मी तिथूनच सुरुवात केली.

पाचव्या पानावर आजोबा सकाळी उठून, डोळे मिटलेलेच, उशाशी ठेवलेल्या पेल्यात हात घालतायत. ओळ एवढीच : ‘आजोबांनी पेल्यात हात घातला, आणि...’ पान उलटलं की गॅलरीच्या कठड्यावर कावळा. चोचीत कवळी अशी आडवी धरलेली, की कावळाच बत्तीशी दाखवून हसतोय असं वाटावं. शब्द दोनच : ‘पेला रिकामा!’ कावळ्याचा उल्लेख नाही, कवळीचाही नाही. तो सगळा विनोद चित्राने केला आहे, आणि पान उलटायला लागतो तेवढ्या क्षणाने.

यात कारागिरी आहे. पुस्तकात विषम आकड्याचं पान उजव्या हाताला येतं आणि सम आकड्याचं डाव्या. म्हणजे पाच आणि सहा ही एकाच कागदाची दोन अंगं. पाचवर थांबवायचं आणि सहावर दाखवायचं, हे ज्याला कळलं त्याला चित्रपुस्तक कळलं. हेच दोन प्रसंग समोरासमोरच्या पानांवर, चार आणि पाचवर आले असते, तर मुलाची नजर आधी कावळ्यावर गेली असती आणि आई ‘हात घातला, आणि...’ म्हणेपर्यंत हसून झालेलं असतं. दुकानात कुठलंही विनोदी पुस्तक चाळताना एवढं बघा : उजवं पान काही लपवतंय का, आणि डावं पान ते उघड करतंय का. पुष्कळ पुस्तकं इथेच गळतात. त्यांत प्रत्येक पानावर एक परिच्छेद आणि त्याच परिच्छेदाचं एक चित्र असतं. ‘राजू झाडावर चढला,’ आणि खाली राजू झाडावर. ते चित्र काढून टाकलं तरी गोष्टीचं काही अडत नाही.

तुमच्या प्रश्नाच्या मुळाशी मला हेच दिसतं. विनोदी पुस्तकातलं चित्र सुंदर आहे का, हे नंतर बघू. आधी ते शब्दांहून जास्त काही सांगतंय का, ते बघू. रँडॉल्फ कॅल्डेकॉट या इंग्रज चित्रकाराने १८७८ पासून दर नाताळाला दोन-दोन चित्रपुस्तकं काढली. चित्रपुस्तकाच्या चित्रकाराला अमेरिकेत १९३८ पासून दरवर्षी जे पदक देतात ते त्याच्याच नावाचं. त्याने एका जुन्या बडबडगीताला चित्रं काढली. गीत संपतं ते ताटली चमच्याबरोबर पळून गेली या ओळीवर. कॅल्डेकॉटने त्यापुढे एक चित्र काढलं, ज्याला शब्दच नाहीत. ताटली फुटून पडली आहे आणि चमच्याला त्याचे आईबाप, म्हणजे सुरी आणि काटा, दोन्ही बाजूंनी धरून घरी नेतायत. गीतात नसलेली अख्खी गोष्ट त्या एका चित्रात आहे. १९६८ सालच्या ‘रोझीज वॉक’ या पॅट हचिन्स यांच्या पुस्तकात तर शब्द फक्त ३२, तेही एकाच वाक्यात. कोंबडी फिरून येते, एवढंच ते वाक्य सांगतं. तिच्या मागावर असलेला आणि दर पानावर फजीत होणारा कोल्हा त्यात कुठेही येत नाही. तो फक्त चित्रात आहे, म्हणजे फक्त मुलाला दिसतो. वाचून दाखवणाऱ्या मोठ्या माणसाला जे ‘माहीत नाही’ ते आपल्याला माहीत आहे, ही गोष्ट लहान मुलाला किती सुखाची असते ते तुम्ही शनिवारी पाहत असालच.

तुमच्या पुस्तकात असा कोल्हा आहे का, हे मला बघायचं होतं. म्हणून शब्दांवर पांढऱ्या कागदाच्या पट्ट्या ठेवल्या आणि आमच्या इमारतीतल्या दोन मुलांना बोलावलं. मुलगा साडेचार वर्षांचा, मुलगी सात वर्षांची. गोष्ट त्यांनी मला सांगायची, मी नुसती पानं उलटायची. नवव्या पानावर मुलगा ओरडला, ‘परत मासा घेतला!’ मला कळेना. त्याने बोट ठेवलं तिथे जिन्याखाली एक करडी मांजर, तोंडात बोंबील. मागे जाऊन पाहिलं तर सातव्या पानावर तीच मांजर कोळणीच्या पाटीशी, आठव्या पानावर पाटीत अर्धी शिरलेली. सगळी चाळ कावळ्याकडे वर बघतेय आणि खाली मांजर निवांत पाटी रिकामी करतेय. नंतर पट्ट्या काढून शब्द वाचले. मांजरीचं नाव कुठेही नाही. मी आधी दोनदा वाचूनही मला ती दिसली नव्हती.

मंडळाच्या बैठकीत तुम्ही हेच करा. वाद घालण्याआधी शब्द झाकून एका मुलाला गोष्ट सांगायला लावा आणि सगळ्यांनी गप्प बसून ऐका.

आता सरांचा मुद्दा. तो उडवून लावू नका. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटच्या परीक्षांना मुलांना बसवणाऱ्या शिक्षकाची नजर वर्षानुवर्षं प्रमाणावर घासलेली असते. वस्तुचित्रात तांब्याचा काठ लंबगोल यायलाच हवा, स्मरणचित्रात बसस्टॉपवरची माणसं खांबाहून उंच होऊन चालत नाहीत. ही शिस्त खोटी नाही. पण ती ज्या कामासाठी आहे, ते काम या पुस्तकाचं नाही. सर कुडाळकडचे असतील किंवा तिकडे कधी गेले असतील, तर जवळच्या पिंगुळीतली चित्रकथी त्यांनी पाहिली असेल. ठाकर कलावंत एकेक चित्र समोर धरून गाण्यातून कथा सांगतात. त्यातल्या योद्ध्यांचे डोळे अर्ध्या चेहऱ्याएवढे आहेत आणि ते तसेच हवेत, कारण मागे बसलेल्या माणसालाही त्यातला राग दिसला पाहिजे. व्यंगचित्रकार शि. द. फडणीस मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकले, रेषेवर त्यांची हुकमत होती, आणि तरीही त्यांची माणसं शरीरशास्त्राच्या तक्त्यासारखी कधीच दिसली नाहीत. एकाच्या कपड्यांवर मांजरं आणि शेजारच्याच्या कपड्यांवर उंदीर काढून, एक शब्द न लिहिता, त्यांनी महाराष्ट्राला हसवलं. पुढे शाळेतल्या गणिताच्या पुस्तकांत त्यांची चित्रं आली, तेव्हा गणिताला घाबरणारी मुलंही ती पुस्तकं उघडून बसायची.

मग खरा प्रश्न उरतो तो हा, की मुद्दाम वाकडं काढलेलं आणि येत नाही म्हणून वाकडं आलेलं, यातला फरक ओळखायचा कसा? ही शंका रास्त आहे, कारण विनोदाच्या नावाखाली गचाळ चित्रं भरपूर खपवली जातात.

मी काय पाहते ते सांगते. माणसं बाजूला ठेवायची आणि आजूबाजूच्या वस्तू बघायच्या. तुमच्या पुस्तकात गॅलरीतलं निळं पिंप आहे, त्यावर उपडी ठेवलेली परात आहे, आणि परातीवर नळाची गुंडाळलेली नळी. पाण्याची वेळ संपल्यावर चाळीत नळी अशीच ठेवतात. दाराबाहेरच्या चपला एकावर एक. दोरीवर वाळणाऱ्या शर्टांना चिमटे खांद्याला नाहीत, खालच्या काठाला आहेत. आणि कावळा! त्याची मान राखाडी आहे. मुंबईत आपल्या खिडकीत येतो तो गावकावळा राखाडी मानेचाच असतो. सगळाच काळा असतो तो डोमकावळा. कावळा काढायचा म्हणून काळं फासून मोकळे होणारे चित्रकार मी शेकड्यांनी पाहिले आहेत. ज्याने मान राखाडी केली तो कठड्यावरच्या कावळ्याकडे बघत बसला असणार. ज्याला पिंप, चिमटे आणि कावळ्याची मान इतकी नेमकी दिसते, त्याने आजोबांचा हात लांब काढला असेल तर तो चुकून लांब झालेला नाही.

दुसरं, वाकडेपणाला कारण आहे का? पहिल्या नऊ पानांत आजोबांची पाठ प्रश्नचिन्हासारखी आहे. दहा-अकरावर ते धावायला लागतात आणि पाठ ताठ होत होत अकराव्या पानाच्या टोकाला त्यांचं उद्गारचिन्ह झालेलं असतं. बारा-तेरावर त्यांचा उजवा हात एका पानावरून निघून दुसऱ्या पानाच्या टोकापर्यंत जातो, कवळीपासून चार बोटं अंतरावर थांबतो. शरीराच्या मापाने तो हात अशक्य आहे. इच्छेच्या मापाने अगदी बरोबर आहे. सरांना म्हणावं, पाय बघा. आजोबा एवढे ताणलेत, पण सगळा भार डाव्या पायाच्या चवड्यावर नीट पेललेला आहे, धोतराचा सोगा मागे उडालेला आहे. ते पडत नाहीत, पडतील असं वाटतं. भार कुठे टाकायचा हे ज्याला येत नाही, त्याला अशी अतिशयोक्ती जमत नाही. त्याची माणसं हवेत तरंगतात.

चार बोटांचं म्हणाल तर मिकी माउसलाही तेवढीच आहेत. एवढ्याशा हातावर पाच बोटं काढली की त्यांचा घड होतो आणि हात काय करतोय ते कळत नाही. तुमच्या वाचनालयातलं कुठलंही मूल त्यामुळे आपली बोटं विसरणार नाही.

मात्र चित्रांमध्ये दोष नाहीत असं मी म्हणणार नाही. बारा-तेरावरचा तो लांब हात घडीवरून जातो ते छान, पण नातीचा चेहरा नेमका घडीत गेलाय. अर्धं नाक पिनांमध्ये. एवढ्या महत्त्वाच्या क्षणी तिचा चेहरा दिसायला हवा होता. सोळाव्या पानावर नातीची लाल रिबीन हिरवी झाली आहे, ती आमच्याकडच्या सात वर्षांच्या मुलीने दोन सेकंदांत पकडली आणि पुढची दोन पानं ती ‘हिने रिबीन कधी बदलली?’ हेच विचारत राहिली. मुलं चित्रावर एवढा विश्वास ठेवतात, म्हणून तो मोडायचा नसतो. आणि वीस-एकवीसवर सगळे रंग एकाच पट्टीत ओरडतायत. गर्दी दाखवायची आहे हे कळतं, पण कावळा शोधायला लागावं इतकी नको.

आता पात्रांकडे येते. मला वाटतं, तुम्हाला खटकतं ते पान अठरावं. शेजारच्या काकू सोफ्यावर बसतात, सोफा मोडतो, सगळे हसतात. शब्दांत त्यांना ‘ढोली काकू’ म्हटलंय. तुमचं खटकणं बरोबर आहे, आणि का बरोबर आहे ते याच पुस्तकातल्या दुसऱ्या एका बाईकडे पाहिलं की स्पष्ट होतं.

चौदा-पंधरावर कोळीण आहे. काकूंपेक्षा ती अंगाने जास्तच भरलेली. कासोटा घातलेलं लुगडं, केसांत अबोलीची वेणी, पुढ्यात कोयता. कावळा पाटीवर झेपावतो तेव्हा ती मासा न उचलता बर्फाचा तुकडा उचलते आणि नेम धरते. नेम धरताना तिची जीभ ओठांच्या कोपऱ्यातून बाहेर आली आहे आणि एक डोळा मिटला आहे. बर्फ कावळ्याला लागत नाही, वरच्या मजल्यावर दाढी करणाऱ्या माणसाच्या बनियनमध्ये जातो. ती लगेच पापलेटाचा भाव सांगायला लागते, जणू काही झालंच नाही. मुलं लोटपोट होतात. हसू कशाचं? तिच्या आवेशाचं, चुकलेल्या नेमाचं आणि त्यानंतरच्या साळसूदपणाचं. तिला काहीतरी हवं आहे, ती त्यासाठी काहीतरी करते, आणि ते भलतंच होतं. अंगाने ती बारीक असती तरी हा विनोद असाच राहिला असता.

काकूंना मात्र काहीच नको आहे. त्या येतात, बसतात, मोडतात. त्यांच्या चेहऱ्यावर एकच भाव आहे, तोही भुवया वर केलेला ठरीव. अख्ख्या पुस्तकात त्या या एका पानापुरत्या आल्या आहेत, सोफा मोडण्यापुरत्या. त्यांना बारीक केलं तर पान कोसळतं, कारण त्या पानावर त्यांच्या अंगाशिवाय काहीच नाही. तुमच्या पंचवीस-तीस मुलांत एखादी गुबगुबीत मुलगी असेल, आणि हे पान आलं की बाकीची मुलं पुस्तकाकडे न बघता तिच्याकडे बघत असतील. मी एका वाचनात हे डोळ्यांनी पाहिलं आहे. पुस्तक दुसरं होतं, पान असंच होतं. ती मुलगीही हसली, सगळ्यांच्या आधी आणि सगळ्यांपेक्षा मोठ्याने. त्यानंतर ती पुढच्या शनिवारी आली नाही.

म्हणून कुठलंही विनोदी पात्र तपासताना मी स्वतःला विचारते, याला काय हवं आहे? उत्तर मिळालं तर बहुतेक वेळा पात्र जिवंत निघतं. उत्तर मिळालं नाही आणि तरीही हसू येत असेल, तर ते हसू कुणाच्या अंगावर, रंगावर, बोलीवर किंवा धंद्यावर पडतंय ते बघायचं. हिंदी मराठीत मिसळून बोलणारा वॉचमन, तोतरा मुलगा, काळा मामा, चष्मेवाली बाई, हे सगळे याच रांगेतले. ते विनोदी पुस्तकात येऊ नयेत असं अजिबात नाही. यावेत, त्यांना काहीतरी हवं असावं, आणि त्या हव्यासापायी त्यांची त्रेधा उडावी.

काकांच्या पहिल्या आक्षेपाला उत्तर यातच आहे. आजोबांची चेष्टा होतेय का? आजोबांना काय हवं आहे ते शब्द शेवटपर्यंत सांगत नाहीत, पण तिसऱ्या पानापासून त्यांच्या बंडीचा खिसा फुगलेला आहे आणि त्यातून एक काटेरी कड डोकावतेय. चकली! सुनेने तळलेली पहिली चकली त्यांनी रात्रीच लपवून ठेवली आहे आणि ती खायला कवळी हवी आहे. दात नसल्यामुळे ते ‘सगळे’ला ‘फगळे’ म्हणतात आणि चाळीत कुणालाच काही कळत नाही. नातीला मात्र शब्दन्‌शब्द कळतो, ती सगळ्यांना सांगत सुटते. इथे म्हाताऱ्याच्या बोबडेपणाचं भांडवल होऊ शकलं असतं. लेखकाने ते नातीच्या हाती दिलं, तिला दुभाषी केलं. आजोबांच्या वयाची मोठी माणसं गोंधळलेली आणि सहा वर्षांची मुलगी शहाणी, अशी ती उलटापालट आहे. लहान मुलं यावर मनापासून हसतात, कारण एरवी न कळणारी माणसं तीच असतात. काकांना तिसऱ्या पानावरचा खिसा दाखवा. पुढचं ते स्वतःच बघतील.

कावळ्याला शिक्षा नाही, ही तक्रार मात्र मला मान्य नाही. आपण सगळे ‘थांब, माझ्या बाळाला न्हाऊ घालते’ ऐकत मोठे झालो. शेणाचं घर वाहून गेलेला काऊ पावसात भिजत दार ठोठावतो आणि चिऊ दार उघडत नाही. लहानपणी मला त्या भिजणाऱ्या काऊचं फार वाईट वाटायचं आणि ते मी कुणाला बोलून दाखवलं नाही. तुमच्या पुस्तकात शेवटी आजोबा चकली चहात बुडवून मऊ करून खातात, डोळे मिटून, आणि कवळीचा विषय विसरून जातात. मग मलपृष्ठाच्या आतल्या बाजूला एक चित्र आहे, शब्दांशिवाय. विजेच्या तारेवर कावळा, चोचीवर कवळी, पायाखाली चकलीचा तुकडा, आणि चावायचं कसं ते त्याला कळत नाहीये. अवघडलेल्या डोळ्यांनी तो आपल्याकडे बघतोय. मला हे चित्र पुस्तकातलं सर्वांत सुंदर वाटलं. तिथे ‘म्हणून चोरी करू नये’ अशी ओळ छापली असती तर कावळ्याचे ते डोळे कुणी पाहिलेच नसते. शहाणपणाची पुस्तकं तुमच्या कपाटात वेगळी असतीलच, त्यांचं काम ती करतील.

पुस्तक ठेवायचं की नाही? ठेवा. अठराव्या पानासाठी बाकीची तेवीस पानं मुलांपासून काढून घेऊ नका. ते पान फाडू नका, शाई फासू नका, दोन्हींनी मुलांचं सगळं लक्ष तिथेच जातं. वाचताना ‘ढोली’ हा शब्द मी सोडून देईन, नुसतं ‘काकू’ म्हणेन, आणि सोफा मोडल्यावर मुलांना विचारेन, ‘काकू कशाला आल्या असतील?’ आमच्याकडच्या मुलाने क्षणात सांगितलं, ‘त्यांना पण चकली पायजे.’ म्हणजे लेखकाकडून जे द्यायचं राहिलं ते त्या साडेचार वर्षांच्या मुलाने काकूंना देऊन टाकलं. शिवाय प्रकाशकाला पत्र लिहा, मंडळाच्या लेटरहेडवर. मुलांना काय आवडतं ते आधी सविस्तर लिहा, मग अठराव्या पानाबद्दल, घडीतल्या चेहऱ्याबद्दल आणि रिबिनीबद्दल. पुढच्या आवृत्तीत एखादं पान बदलणं अशक्य नसतं, पण त्यासाठी कुणीतरी कळवावं लागतं. आपण वाचक ते कळवत नाही.

सरांना वादात हरवायला जाऊ नका, त्यांना शनिवारी बोलवा. मुलांना आठवणीतून ‘कावळ्यामागे धावणारे आजोबा’ काढायला सांगा, सरांनाही फळ्यावर काढू द्या. धावणारं माणूस काढताना भार कुठे टाकायचा, हे त्यांच्याइतकं मुलांना कुणी शिकवणार नाही. आणि खडू हातात आला की त्यांच्याही आजोबांचा हात जरा लांब होईल, असं मला वाटतं.

८,००० रुपयांबद्दल थोडक्यात. नुसतं मुखपृष्ठ बघून ऑनलाइन मागवू नका. दादरला छबिलदास गल्लीतल्या आयडियल या पुस्तकांच्या दुकानात दोघी-तिघी जा, पुस्तकं उभ्याने पूर्ण वाचा. चित्रपुस्तक वाचायला पाच मिनिटं लागतात. नॅशनल बुक ट्रस्ट आणि चिल्ड्रन्स बुक ट्रस्टची पुस्तकं स्वस्त असतात, त्यातली जुनी चित्रं मन लावून बघा. ज्योत्स्ना प्रकाशनाची मराठी चित्रपुस्तकं घ्या. माधुरी पुरंदरे स्वतः लिहितात आणि स्वतः चित्रं काढतात. आपल्याकडची घरं, आपल्याकडची माणसं त्यांच्या चित्रांत किती सहज येतात ते बघाल, तेव्हा कावळ्याच्या राखाडी मानेबद्दल मी एवढं का बोलले ते कळेल. प्रथम बुक्सच्या ‘स्टोरीवीव्हर’ या २०१५ साली सुरू झालेल्या संकेतस्थळावर मराठी चित्रपुस्तकं फुकट वाचता येतात. आधी तिथे मुलांसमोर वाचून बघा, जे चालेल ते छापील घ्या. आणि या कावळ्याची आणखी एक प्रत घ्याच, कारण ही फार दिवस टिकणार नाही.

पाचव्या पानाचा कोपरा मी दुरुस्त केला आहे. सेलोटेप लावली नाही, ती पिवळी पडते आणि काढताना कागदाची साल निघते. पातळ कागदाची पट्टी गव्हाच्या खळीने मागून चिकटवली आहे. पुस्तक उद्या कुरिअरने निघेल. मिळाल्यावर एक दिवस जड पुस्तकांखाली दाबून ठेवा आणि मगच शनिवारी बाहेर काढा.

तुमची,
मावशी